अकरा पावलं

करारनामा दोन पानांचा.
पहिल्यावर ठगूबाई बडगुजर, गट नंबर, चतुःसीमा:
पूर्वेस नाला, पश्चिमेस धुडकू तुळशीराम यांचं वावर.
दुसऱ्यावर अटी. मी मोठ्यानं वाचत गेले,
ती शेंगा फोडत राहिली.
चैत्रापासून मृगापर्यंत वीस गुंठे पडीत.
नांगर नाही, रोटाव्हेटर नाही,
बांधाचं गवत पेटवायचं नाही.
बदल्यात एवढे रुपये, दोन हप्त्यांत.

'आनि ती काय देस?' ठगूबाईनं विचारलं.

ती म्हणजे धाविक. हे नाव कागदावरचं,
गावात तिला नावच नव्हतं.
खारकेच्या रंगाची, डोळ्यावर पांढरी रेघ,
धावते, थांबते, एकदम वाकते,
जसं काही सांडलेलं उचलायचं राहून गेलंय.
'काही नाही देत,' मी म्हणाले, 'अंडी घालते.'
ठगूबाई हसली. अंगठ्याची शाई बाजूला सारली,
सही केली. 'ठ'ला सगळ्यात जास्त वेळ लागला.

शिंदखेड्याच्या पुढे, बुराईच्या कोरड्या पात्राकाठी
आधी दादर असायची, मठ असायचा, कुळीथ.
पीक निघालं की जमीन महिनोन् महिने उताणी पडून राहायची.
आता ठिबकच्या नळ्या. आखाजी झाली न झाली
की सरकी टोबायची घाई.
रानाला उन्हाळाच उरला नाही.

धुडकू आबा नाही म्हणाले.
त्यांच्या वडिलांनी एकदा सही केली होती, पाटचारीसाठी.
दोन एकर गेले, पाट काही आला नाही.
'कागदले पोट राहस, पोरी,' एवढंच बोलले,
आणि मला चहा पाजला.

मी बांबू रोवले, पांढऱ्या चिंध्या बांधल्या.
सतरा सकाळी त्या वीस गुंठ्यांत फिरले.
सापाची कात मिळाली, टिटव्यांच्या शिव्या मिळाल्या,
कोणाची तरी चुकलेली शेळी.
'ऊनी का?' ठगूबाई रोज विचारायची.
'नही.' तेवढी अहिराणी मला तोवर आली होती.

अठराव्या दिवशी ती दिसली.
चिंधीखालून गेली, बांध ओलांडून पश्चिमेला,
आणि बसली.
मी मोजलं. अकरा पावलं, आबांच्या वावरात.
ढेकळाशेजारी ढेकळाच्याच रंगाची दोन अंडी,
मोठ्या बोराएवढी. नजर हलली की हरवायची.

आणि त्या टोकाला ट्रॅक्टर उभा, तासाच्या भाड्यावर.
मी धावले. पिशवीत कोरा करारनामा होता,
तो काढून कलम चौथं वाचू लागले,
धाप लागून, मधली ओळ गाळून.
ड्रायव्हर वरून ओरडत होता, डिझेल जळतंय म्हणून.
आबांनी कागदाकडे पाहिलं नाही.
'कोठे?' म्हणाले.
मी दाखवलं. त्यांना दिसेना. पुन्हा दाखवलं.
मग ते खाली बसले, बराच वेळ.
उठून एका बाजूला पाण्याचा कॅन ठेवला,
दुसऱ्या बाजूला ठेवायला काही नव्हतं,
तर डाव्या पायातली चप्पल.

ट्रॅक्टर वळसे घेत राहिला.
मधे एक तुकडा उरला, धड गोल नाही, धड चौकोनी नाही,
पहिल्यांदा थापलेल्या भाकरीसारखा.
आबा घरी निघाले, वैशाखाच्या मातीत
एक पाय टाकत, एक पाय उचलत.
वळून म्हणाले, 'लिखू नको.'

एक अंडं फुटलं. दुसरं नुसतंच नाहीसं झालं,
मुंगूस असेल, कावळा असेल.
धुळ्याच्या ऑफिसात रकाना होता:
करारक्षेत्रातील घरटी.
मी शून्य लिहिलं.
साहेबांनी विचारलं, मग पैसे कशाचे दिले?
मी म्हणाले, वीस गुंठ्यांचे.

ठगूबाईनं दुसऱ्या हप्त्याच्या दिवशी
आबांच्या घरी डबाभर बिबड्या पाठवल्या.
कशाच्या, ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही.
चप्पल मृगापर्यंत तिथेच होती,
उन्हानं वाकडी झालेली.
आबा नवी घेऊन आले होते, पण तिला हात लावेनात.